कात्रजकडची पत्रकं

मथुराबाईंनी माइक हातात घेतला, पदराच्या टोकाने पेल्यासारखा पुसला आणि तोंडाजवळ नेऊन एकदम हाक मारली,

"सोजे!"

समोर कानाला हेडफोन लावून बसलेल्या तनुजाने दचकून तो मानेवर ओढला.

"हळू बोललात तरी चालतं, मावशी. यात सगळं ऐकू जातं."

"धाकटी बहीण ती माझी, कात्रजला राहती," मथुराबाई म्हणाल्या. "हळू बोलून कसं भागंल?"

दुकानाच्या मागच्या खोलीत एका बाजूला बांबू उभे होते, फळीवर मडकी उलटी रचलेली होती आणि मधल्या जागेत दोन खुर्च्या. तनुजाच्या सासऱ्यांच्या काळात हडपसरातल्या या दुकानात बांबू, मडकी, पांढरं कापड आणि गोवऱ्या एवढंच मिळायचं. तनुजाने हळूहळू शववाहिका आणली, दहाव्याचे गुरुजी आणले, पिंडाच्या भातापासून तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळं अंगावर घेतलं. आणि यंदा तिने क्यूआर कोड आणला. तळहाताएवढी स्टीलची पट्टी, तिच्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची नक्षी. फोन समोर धरला की गेलेल्या माणसाचा फोटो दिसतो आणि त्याच्याच आवाजात चार शब्द ऐकू येतात. समाधीला लावा, झाडाच्या कठड्याला लावा, नाहीतर स्मरणार्थ दिलेल्या बाकड्याला.

चार महिन्यांत एकही पट्टी गेली नव्हती. लोक पट्टीकडे बघत, छान आहे म्हणत आणि मडकं घेऊन जात. अडचण साधी होती. आवाज लागतो तो जिवंतपणी, आणि जिवंत माणसाला हे सुचवायचं कोणी? घरोघरचे म्हातारे काही कमी तिखट नव्हते.

मथुराबाई मात्र आपल्या पायांनी आल्या होत्या. मारुतीच्या देवळासमोर त्यांच्या यजमानांच्या नावाचं बाकडं होतं. त्याच्या अर्ध्या पाठीवर 'कै. सर्जेराव यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं आणि उरलेली अर्धी पाठ कोरी. रोज संध्याकाळी मथुराबाई त्या कोऱ्या अर्ध्याला टेकून बसत. कोणी दुसरं बसू लागलं तर म्हणत, "ती माझी जागा हाय. सरक."

"आता पहिल्यापासून बोला," तनुजा म्हणाली.

मथुराबाई बोलल्या. आधी मुलाला, सुनेला दोन वाक्यांत उरकलं. ती दोघं हिंजवडीला राहत आणि सणाला येत. मग त्या खुर्चीत जरा पुढे सरकल्या.

"सोजे, मी बोलतीय, आक्का. ते हिरवं इरकल तू मला दिलं होतंस, आठवतं? मी त्याची घडी मोडली न्हाई. रोज ट्रंक उघडायची, बघायची, परत ठिवायची. एवढं चांगलं लुगडं नेसून जायचं कुठं, असं वाटायचं. म्हणून तर ते कोरं राहिलं आन पोराच्या लग्नात नव्या लुगड्यांच्या गठ्ठ्यात गेलं. मानाचा आहेर म्हणून तुझंच लुगडं तुझ्या हातात पडलं. तुला वाटलं, आक्काला आवडलं न्हाई म्हणून परत दिलं. सोजे, त्या गठ्ठ्यातलं तेवढं एकच मला पायजे होतं गं."

त्या थांबल्या. तनुजाने बटण दाबलं आणि उगाचच फळीवरचं एक मडकं सरळ केलं.

"किती वर्षं झाली, मावशी?"

"एकोणीस."

"मग हे त्यांना आत्ताच का नाही सांगत? मी फोन लावून देते."

"उचलत न्हाई ती. माझं नाव ऐकलं की ठिवून देती. मी गेल्यावर ऐकंल. मेलेल्या माणसासंगं अबोला धरता येत न्हाई." मथुराबाईंनी कनवटीची मिसरीची डबी चाचपली. "फकस्त माझा नंबर आधी लागला पायजे. औंदा तिचीबी छाती दुखती म्हणं."

त्या उठल्या तेव्हा तनुजाने आठवडाभर मनात घोळणारी गोष्ट विचारून टाकली. दुकानाची पत्रकं छापायची होती, वर्तमानपत्रातून वाटायला. कोड म्हणजे काय ते लोकांना कळायचं तर नमुना लागणार. मावशींचा छापला तर चालेल का?

"छाप की. मला काय धाड भरलीय."

दारात चपला पायात सरकवता सरकवता त्यांनी वळून विचारलं, "कात्रजलाबी वाटणार न्हवं?"

"तिकडे आपलं गिऱ्हाईक नाही, मावशी."

"का? तिथं मरत न्हाईत व्हय माणसं?"

तनुजा हसली. दुसऱ्या दिवशी तिने पेपरवाल्याला कात्रजची दोन हजार पत्रकं जास्त सांगितली.

पत्रक दुकानाचं छपाईचं काम करणाऱ्या सलिलने केलं. तो वाकड्यातिकड्या जागेत अक्षरं सुंदर बसवणारा पोरगा होता, पण त्याला ठळक अक्षरांचा जाच व्हायचा. कोड उघडला की दिसणाऱ्या फोटोखाली त्याने 'नमुना' हा शब्द फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढा टाकला. फोटोला मात्र आपल्या मनाने झेंडूचा भरघोस हार घातला. तनुजाने तो नीट पाहिला तेव्हा रविवारची सकाळ होती, पत्रकं घरोघर पोचली होती आणि दुकानाचा फोन थांबायला तयार नव्हता.

"काय हो, या आजी कधी गेल्या? फार गोड बोलायच्या."

"गेल्या नाहीत. नमुना आहे तो."

"म्हणजे आपण जिवंत माणसाला हार घालता? धंद्याची घाई दिसते."

एका गृहस्थांनी सदाशिव पेठेतून फोन करून शुद्धलेखनाची चूक सांगितली आणि मग जाता जाता, पट्टी गंजत नाही ना, असं विचारलं. एक बाई आजींचं बोलणं ऐकून रडली आणि आपल्या सासूला बुधवारी घेऊन येते म्हणाली. सासू तयार आहे का, असं तनुजाने विचारल्यावर म्हणाली, "त्याच म्हणाल्या. मला बरंच काही बोलायचंय म्हणाल्या. मीच जरा घाबरलेय." दुपारी बारापर्यंत सात म्हातारी माणसं आपापल्या वेळा ठरवून मोकळी झाली.

त्यातच एक फोन आला. आवाज बाईचा, वयस्कर, खरखरीत.

"ती पत्रकातली बाई. खरंच गेली का?"

"नाही, नाही," तनुजा सकाळपासून विसाव्यांदा म्हणाली. "ठणठणीत आहेत. आमचीच चूक झाली, माफ करा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "मिसरी लावती का अजून?"

"लावतात की."

"लावणारच. ऐकती कुणाचं."

फोन बंद झाला आणि लगेच पुढचा वाजला.

एकच्या सुमाराला तनुजाने दुकानाचं शटर ओढलं, पाव किलो पेढे घेतले आणि मथुराबाईंचं घर गाठलं. माफी मागायची तर समोर जाऊन. वाटेत तिने शब्द जुळवले होते, पण दारातच पुरणाच्या वासाने ते विस्कटले. मथुराबाई शेगडीपुढे उभ्या राहून पुरण घोटत होत्या.

"मावशी, फार मोठी चूक झाली. पत्रकातला तुमचा हार..."

"दोन आले सकाळपासून खरोखरचे. एक मारुतीला दिला, एक घरच्या देवाला. गुलाबाचा होता, चांगला." त्यांनी पेढे घेतले. "तुझं काय बिघडलं त्यात?"

"आज काय आहे? एवढं पुरण?"

"असंच. कुणी आलं-गेलं तर."

तेवढ्यात गल्लीत रिक्षा थांबली आणि पाठोपाठ असा हंबरडा उठला की समोरच्या गॅलरीतल्या माणसांनी वाकून पाहिलं.

"अगं माझ्या आक्के! मला न सांगता गेलीस गं!"

हंबरडा पायऱ्या चढून वर आला आणि दारात थबकला. अंगाभोवती शाल घट्ट गुंडाळलेली एक बुटकी म्हातारी, हातात कापडी पिशवी. समोर मथुराबाई, हातात पुरणाचा चमचा. तनुजाला वाटलं, आता श्वास घ्यायचा तोही हळूच घ्यावा.

"जित्ती हायस?" सोजरबाईंनी विचारलं.

"हाय."

"मंग फोटूला हार कशाला?"

"मी न्हाई. हिनं घातला." मथुराबाईंनी चमचा तनुजाकडे केला.

दोघी बहिणी तनुजाकडे वळल्या. पुढची पाच मिनिटं तिने जे ऐकलं ते तिच्या सासूनेही तिला कधी सुनावलं नव्हतं. चांगल्या चालत्याबोलत्या बाईला हार घालायचा म्हणजे काय. माझ्या बहिणीला काय झालं असतं म्हणजे. हिची छाती आधीच दुखती, रस्त्यात काय झालं असतं म्हणजे. शिकलेल्या ना तुम्ही. एकीचं वाक्य अर्धं राहिलं की दुसरी ते पुरं करत होती, आणि बोलता बोलता दोघी एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या होत्या. तनुजा मान खाली घालून हो म्हणत राहिली. इतकी गोड बोलणी आपण बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती असं तिला वाटत होतं, आणि ओठ आवळून धरावे लागत होते.

रागवून दमल्यावर सोजरबाई सतरंजीवर बसल्या.

"ऐकलंस का?" मथुराबाईंनी पुरणाकडे बघत विचारलं.

"ऐकलं. नातीनं लावून दिलं. चारदा." मग त्या म्हणाल्या, "उकडतंय गं तुझ्या घरात," आणि त्यांनी शाल काढली.

आत हिरवं इरकल होतं. काठ लाल, आणि अंगभर घडीच्या रेघा, आडव्या नि उभ्या, पट्टीने आखल्यासारख्या. तनुजाच्या आयुष्यात शोकाला आलेली माणसं मोजण्यापलीकडची होती. कोरं हिरवं लुगडं नेसून आलेलं त्यातलं एकही तिला आठवेना.

मथुराबाई हात पुसत खाली बसल्या. एका रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला, इस्त्री करावी तसा.

"घडी मोडलीस."

"मोडली."

"तूबी ठिवूनच दिलं होतंस?"

"मंग काय नेसायचं? दिलं कुणी ते बघून राग यायचा." सोजरबाईंनी नाक पुसलं. "आन टाकवतबी नव्हतं."

मग दोघी मिळून लुगड्यावरच्या रेघा सपाट करत बसल्या. बोलण्यासारखं एकोणीस वर्षांचं होतं, त्यामुळे घाई नसावी. मथुराबाईंचा हात सवयीने कनवटीकडे गेला. त्यांनी डबी काढली, झाकण उघडलं.

"लावणारच," सोजरबाई म्हणाल्या. "ऐकती कुणाचं."

तनुजाने मान वर केली. सोजरबाई तिच्याकडेच बघत होत्या, डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता. मग त्यांनी शांतपणे हात पुढे करून बहिणीच्या डबीतली चिमूटभर मिसरी घेतली.

तनुजाचा फोन वाजू लागला. तिने तो आवाज बंद करून पालथा ठेवला.

"आता आलीच हायस तर जेवून जा," मथुराबाई तिला म्हणाल्या. "आतनं ताटं आण."

स्वयंपाकघरात ओट्यावर दोन ताटं मांडलेलीच होती. मीठ वाढलेलं, लिंबाची एकेक फोड ठेवलेली. फोडी कडेने सुकल्या होत्या. सकाळीच चिरून ठेवलेल्या असाव्यात. बाहेर कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि दोघी एकदम हसल्या. कोणतं हसू कोणाचं ते आवाजावरून सांगता आलं नसतं.

तनुजाने फळीवरून तिसरं ताट काढलं.