लाइट बघायला बसलेली आई

सकाळी स्टुडिओचं शटर वर केलं आणि कॉम्प्युटर चालू केला, की आधी ती सूचना यायची. तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, नवी सिस्टीम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. रोज! अरे, एकदा सांगितलंस, कळलं. समोर पासपोर्ट फोटोसाठी माणूस ताटकळतोय आणि हा आपला म्हातारपणाचा पाढा वाचतोय. मी 'नंतर आठवण करा' दाबायचे आणि कामाला लागायचे.

मागे एकदा असाच बदल झाला, तेव्हा माझा निगेटिव्हचा स्कॅनर गेला होता. म्हणजे मशीन ठणठणीत, पण नव्या सिस्टीमला ते ओळखताच येईना, आणि बनवणाऱ्यांनी हात वर केले. तेव्हापासून तो खिडकीखाली उशीचा जुना अभ्रा पांघरून पडून होता. टाकवत नव्हता. यंदा त्याची खरी गरज पडली ती आईमुळे.

आईच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, एक खूण होती. लहानपणी पत्र्याच्या कडेवर पडली होती ती, त्याचा बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा. मी तिच्या मांडीवर त्या खड्ड्यात बोट ठेवून झोपायचे. पण घरातल्या एकाही फोटोत ती खूण नाही, आणि त्याला कारण आमचे बाबा. बाबा फोटोग्राफर, आणि त्याहून मोठे रिटचर. निगेटिव्ह वाळली की लगेच ती उजेडाच्या काचेवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलने चेहऱ्यावरचे डाग, खड्डे, सुरकुत्या भरून टाकायच्या. गिऱ्हाईक असो नाहीतर घरचं माणूस, सुटका कुणाचीच नाही. "अहो, माझं तोंड मला असू द्या ना," आई म्हणायची. "दुकानात लागायचाय हा फोटो," बाबा म्हणायचे, आणि पेन्सिल चालूच.

आई गेली तेव्हा माझा भाऊ शाळेतही जात नव्हता. आता त्याला टक्कल पडलंय, पण मला तो धाकटाच. मध्यंतरी त्याच्याकडे जेवताना मी सहज त्या खुणेचा विषय काढला.

"ताई, आईच्या गालावर काही नव्हतं," तो म्हणाला. "एक तरी फोटो दाखव."

"अरे, बाबांनी सगळ्यात भरून टाकली ती!"

"एकातसुद्धा राहिली नाही? तुला दुसऱ्या कुणाची तरी आठवत असेल."

दुसऱ्या कुणाची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी येऊन भिंतीवरच्या फोटोपुढे उभी राहिले आणि खरं सांगते, घाबरले. गाल अगदी गुळगुळीत. बोटाला आठवत होतं ते डोळ्याला दिसेना. आणि खूण नव्हतीच असं ठरलं, तर आईचं जे जे मला आठवतंय त्यातलं खरं काय? तिचा आवाज? ती मांडी? मला जेवण जाईना.

मग आठवला चाचणीचा डबा. गिऱ्हाईक यायच्या आधी बाबा लाइट लावून बघायचे, आणि स्टुलावर बसवायला हक्काचं माणूस एकच. आई हातातलं काम टाकून यायची आणि 'दिवा डावीकडे' असं खडूने लिहिलेली पाटी छातीशी धरून बसायची. ते फोटो कुणाला दाखवायचे नसत, म्हणून त्यांना पेन्सिल कधी लागलीच नाही. प्रिंटही काढत नसत. निगेटिव्ह भिंगाखाली बघितली, लाइट कळला, टाकली डब्यात.

डबा माळ्यावर सापडला. पण फोटोत आई पायापासून डोक्यापर्यंत, त्यामुळे तोंड वाटाण्याएवढं. मोबाइलने फोटो काढून मोठा केला तर नुसता धुरकट ठिपका. डार्करूममधलं फोटो मोठा करायचं एन्लार्जर मोडीत जाऊनही जमाना झाला होता. म्हणजे सगळं घोडं त्या स्कॅनरपाशी अडलं.

धाकट्याची मुलगी ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करते. तिला बोलावलं. तिने अभ्रा उचलून स्कॅनर बघितला, सूचना वाचली आणि म्हणाली, "आत्या, लिनक्स टाकूया."

"ते काय असतं?"

"दुसरी सिस्टीम. अशा जुन्या मशीनवर मजेत चालते. बरेच जुने स्कॅनरही ओळखते."

"आणि माझं बोटांवर बसलेलं काम? सगळं परत शिकू? या वयात?"

"आजोबापण असंच म्हणाले होते ना?"

तोंडच बंद केलं कार्टीने. म्हणाले होते, अगदी हेच. मी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा बाबा त्याला 'तुझा टीव्ही' म्हणायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे. त्यांची ती लाल दिव्याची खोली, फोटो धुवायच्या औषधांचा आंबूस वास, टपटपणारा नळ, ते सोडून जगात काही चांगलं असू शकतं हे त्यांना मान्यच नव्हतं. मग नजर अधू झाली, पेन्सिलीचं टोक दिसेना. एका दुपारी मी स्क्रीनवर एक चेहरा मोठा करत होते, तर मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हा डाग राहिला," बाबा म्हणाले आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. त्यानंतर रोज दुपारी ते बोट ठेवायचे, मी माऊस फिरवायचे. संध्याकाळी स्क्रीनवरचे त्यांचे ठसे पुसताना मी वैतागायचे. आज ते ठसे मिळाले तर मी त्यांना फडकं लावणार नाही.

"टाक बाई," मी भाचीला म्हटलं. "पण माझं काही पुसलं गेलं तर बघ."

तिने आधी काहीच पुसलं नाही. पेन ड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरूनच ती नवी सिस्टीम चालवून दाखवली. स्कॅनरची वायर जोडली. दोन क्षण काही नाही. मग तो घर्रर्र करून जागा झाला, आतला दिवा पेटला आणि पुढेमागे सरकायला लागला. इतकी वर्षं गप्प पडलेलं माणूस खाकरून उठावं तसं वाटलं मला. मी सरळ रडले.

मग तिने माझी सगळी कामं दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि कॉम्प्युटर पुरता लिनक्सवर आणला. पुढचे दिवस माझ्या नाकी नऊ आले. काही नवं टाकायचं म्हटलं की पासवर्ड. माझ्या दुकानात मलाच विचारतोय, कोण तुम्ही! स्क्रीनवरची खिडकी बंद करायला गेले की भलतंच काहीतरी उघडायचं. गंमत म्हणजे सकाळी ती मेली सूचना दिसली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. पण कॉम्प्युटर पळायला लागला होता, प्रिंटर मुकाट चालत होता, म्हणून शिव्या तोंडातच ठेवल्या.

खरी पंचाईत फोटोच्या प्रोग्रामची. जुन्यात डाग पुसायचा ब्रश एका बटणावर होता आणि चेहरा दिसला की माझं बोट आपसूक तिथे पडायचं. नव्यात त्या बटणावर तो ब्रशच नाही. "बटणं बदलता येतात गं," भाची म्हणाली. "रविवारी येते, सगळी तुझ्या सवयीची बसवून देते. डबाही घेऊन ठेव, तेव्हाच बघू."

रविवारी ती आली आणि तिच्यामागून धाकटाही. हाताची घडी घालून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. "नसली तर रुसायचं नाही हं, ताई." मी डब्याचं झाकण काढलं.

पहिली निगेटिव्ह स्कॅन झाली. चित्र आलं, पण पाटीवरची अक्षरं उलटी. इतकी वर्षं या धंद्यात, आणि मी निगेटिव्ह पालथी ठेवली होती! बाबांनी कपाळाला हात लावला असता. भाचीने चित्र फिरवलं. 'दिवा डावीकडे.' पाटीच्या वर पदर खोचलेली, कामातून उठून आलेली, जरा वैतागलेली आई. मी माऊस घेतला आणि तिचा चेहरा मोठा करत गेले, स्क्रीन भरेपर्यंत.

आणि माझं बोट बटणावर पडलं. चेहरा आला, डाग दिसला, की पुसायचा, हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. बटण दाबलं, माऊस घासला. फोटो नुसता हलला. परत दाबलं, परत घासलं. परत हलला. "काय हा भिकार प्रोग्राम, पुसत कसं नाही..." मी म्हणाले, आणि तेव्हा मला दिसलं मी काय पुसायला निघाले होते ते.

डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा.

धाकटा कधी उठून मागे आला ते कळलं नाही. त्याने हात लांब केला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं, थेट बाबांसारखं. काढेचना. मी त्याला चांगलं सुनवायचं ठरवून बसले होते, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण त्याचं तोंड बघितलं आणि एकही निघेना.

"होती गं," तो म्हणाला. "मग मला का आठवत नाही? माझीपण आईच होती ना ती?"

"आई डावखुरी होती रे," मी म्हटलं. "डावा हात कामाला लागायचा, म्हणून तुला कायम उजव्या कडेवर घ्यायची. तू तिचा दुसरा गाल पाहिलायस. सगळ्यात जास्त तूच पाहिलायस."

तो टेबलाच्या कडेवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत रडला. मी त्याच्या टकलावर हात ठेवला. भाचीने बिचारीने चहा केला, खिडकी उघडली, स्कॅनर पुसला, पुसलेला परत पुसला. शेवटी हळूच म्हणाली, "आत्या, बटणं बसवून देऊ का? जुन्यासारखी?"

"दे," मी म्हटलं. "सगळी बसव. फक्त डाग पुसायचं तेवढं नको. ते मला दर वेळी शोधावं लागू दे."