बावीस अंशांची खोली

दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करण्यात ब्रह्मपुरीत माझा हात कोणी धरणार नाही, असं मी लोकांना सांगत असे. सांगत कसला, ऐकवत असे. मेमरी किती, सेकंदाला चित्रं किती, वीज किती खाणार, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक मधेच बोललं की माझं डोकं फिरतं. एकोणीस वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवतोय, गावाला माझ्या रागाची सवय झाली आहे.

मार्चमध्ये रिना आली. गावापासून सात किलोमीटरवर तिचं घर. वडील नाहीत, आई रुखमाबाई आणि ती, दोघीच. नागपूरच्या एका ऑफिसनं तिला परीक्षेचं काम दिलं होतं. अजून न बांधलेल्या इमारतींमधून फिरून आल्यासारखी तीन मिनिटांची फिल्म कॉम्प्युटरवर बनवायची आणि पंचवीस मेपर्यंत पाठवायची. पसंत पडली तर कायमचं काम, तेही घरी बसून. नाहीतर हैदराबादची नोकरी होती, पण मग आई एकटी पडणार.

असली चित्रं घडवायला चांगलं कार्ड लागतं. मी तिच्यापुढे दोन ठेवली, एक मोठं, एक छोटं. इंटरनेटवरचा तक्ता उघडला. मोठं कार्ड छोट्यापेक्षा जवळपास दीडपट वेगवान. संपला विषय.

"राजदीपभाऊ, हे मे महिन्यातबी असंच चालन का?" तिनं विचारलं.

"काऊन, मशीनले काय ऊन लागते का?" मी हसलो. दुकानातले आणखी दोघं हसले. ती मोठं कार्ड घेऊन गेली.

वीस मेला तिचा फोन आला. कार्ड बंद पडलं होतं. मी स्कूटर काढून गेलो. शेहेचाळीस अंश ऊन, हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. खोलीत शिरलो आणि पाहतो तर काय, घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावलेला! पाण्याचा कूलर! गवताच्या ताट्यांतून ओली हवा सरळ डब्यात. कार्ड बाहेर काढलं तर त्यावर पांढरा क्षार जमलेला, एक कोपरा हिरवा पडलेला.

"हा कूलर कोणं लावला इथी?" मी ओरडलो.

"मी लावला," दारातून रुखमाबाई म्हणाली. "मशीन लय गरम होऊन राह्यली होती. हळू चालाची. रिना रडकुंडीले आली होती, म्हणून..."

"म्हणून पाणी मारलं? इजेच्या वस्तूवर पाणी मारते का कोणी? पोरीच्या पोटावर पाय देला तुमी बाई!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. रिना म्हणाली, "भाऊ, आईले नका बोलू. तुमच्या दुकानात ते छोटं कार्ड आहे ना, ते लावून पाहू का? पाच दिवस आहेत."

"त्याच्यानं नाई होत," मी म्हणालो. "मोठ्याले जमलं नाई ते छोट्याले काय जमन? वेळ खराब करू नको." नागपूरहून नवं मोठं कार्ड मागवलं. ते यायला आठवडा लागला. नागपूरच्या ऑफिसनं काम दुसऱ्याला दिलं आणि एक जूनला रिना हैदराबादला गेली.

मी हे विसरूनही गेलो असतो. पण पुढच्याच आठवड्यात धानोऱ्याचा फोटो स्टुडिओवाला चैतू तेच मोठं कार्ड घेऊन आला. दुपारी मशीन बैलासारखी बसते म्हणाला. त्याच्या घरी कूलर नव्हताच. मी त्याच्यावर डाफरायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शटर अर्धं पाडलं, पंखा बंद केला. रिनाच्या फिल्मची कॉपी मी वीस तारखेलाच सांभाळायला म्हणून माझ्या मशीनवर घेतली होती. त्यातली तीच शंभर चित्रं आधी छोट्या कार्डावर घडवली, मग मोठ्यावर. घामानं चड्डी-बनियन ओलं झालं, पण घड्याळावरून नजर हलवली नाही. पहिली वीस मिनिटं मोठं कार्ड सुसाट. मग तापलं आणि स्वतःला जपायला वेग कमी करत गेलं. चाळीस मिनिटांनंतर ते छोट्याच्याही मागे पडलं. छोटं मात्र पहिल्या चित्राला जेवढा वेळ घेत होतं तेवढाच शंभराव्यालाही.

मग मी तो तक्ता पुन्हा उघडला. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: चाचणीच्या खोलीचं तापमान बावीस अंश. इतक्या वर्षांत मी कधी तिथपर्यंत खाली गेलो नव्हतो. आमच्याकडे बावीस अंश जानेवारीत असतात.

कागदावर हिशेब मांडला. त्या वीस तारखेला छोटं कार्ड लावलं असतं, तर फिल्म चोवीसच्या दुपारी तयार झाली असती. मला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली.

गेलो. रुखमाबाई भिंतीच्या सावलीत जुन्या वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. आत कूलर कोपऱ्यात, वरून चादर टाकलेली.

"लावत नाई का?"

"मले नाई लागत," ती म्हणाली.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "बाई, चूक माही होती."

"म्हणजे कूलरनं नाई जळलं?"

"जळलं पाण्यानंच. पण मी चुकीचं कार्ड देलं म्हणून ते तापलं, म्हणून तुमाले कूलर लावा लागला. अन् रिना छोटं मागून राह्यली होती, तेबी मीच देलं नाई. देलं असतं तर काम झालं असतं."

तिनं पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग त्या दिवशी ओरडले काऊन?"

उत्तर मला ठाऊक होतं. ओरडणारा माणूस चुकत नसतो असं सगळ्यांना वाटतं, आणि सगळ्यात आधी त्याला स्वतःलाच. पण हे तिला कसं सांगणार?

"पोरगी रोज फोन करते," ती म्हणाली. "मी रोज तिले म्हणते, माह्या हातानं तुह्यं नुकसान झालं. आता तुमी सांगा. माह्यासमोर."

"रात्री करतो ना. आता रिना कामावर असन," मी म्हणालो. आईपुरतं सांगून सुटू, असं मनात धरून मी आलो होतो. पण तिनं पदरानं फोन पुसून बटण दाबलंही होतं. तो तिनं माझ्या हातात दिला.

"हां आई, जेवली का?"

"रिना, मी राजदीपभाऊ बोलून राह्यलो."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आईले काई झालं का?"

"आईले काई नाई झालं," मी म्हणालो. "अन् आईनं काई केलंबी नाई. केलं ते मी केलं."