वाळूत चालणारी चाकं

खुदेजा डिसेंबरात गेली. सकाळी डबे भरताना ओट्यापाशी पडली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. तिला इथेच, मस्कतजवळच्या अमरातच्या कब्रस्तानात दफन केलं. गावी हर्णैला न्यायचं का, असं दोघातिघांनी विचारलं. मी नको म्हटलं. मी इथे, आमची मुलगी नूरैन इथे, तिला एकटीला तिकडे नेऊन काय करायचं.

आमचा धंदा डब्यांचा होता. ती रांधायची, मी पिकअपमध्ये घालून हमरियात पोचवायचो. पिकअप कागदावर अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या नावावर, पण चालवणारा आणि सांभाळणारा मीच. ती गेल्यावर डबे बंद झाले. गाडी माबेलाच्या आमच्या इमारतीखाली उभी राहिली. मी रोज खाली जाऊन तिच्यात बसायचो. वर घरात कुकरसुद्धा वाजत नव्हता.

मार्चमध्ये दोन कामं चालून आली. पहिलं तानाजीने आणलं. तानाजी कराडचा, अल् घुब्रात पिण्याच्या पाण्याच्या कंपनीत सुपरवायझर आहे. म्हणाला, "हसनभाई, गाडी आमच्याकडे लावा. घरोघर बाटले टाकायचे. पैसा बेताचाच, पण पोरगी डोळ्यांसमोर राहील." भाग कुठला म्हणून विचारलं, तर हमरिया. त्याच इमारती, तेच जिने. प्रत्येक दारात कुणीतरी भाभींच्या हातच्या साराची आठवण काढणार आणि मी खांद्यावर बाटला घेऊन ऐकत उभा राहणार. मी नाही म्हणून सांगितलं.

दुसरं काम बिदियाचं. वाळूच्या डोंगरांत एका ओमानी माणसाचा टुरिस्ट कॅम्प आहे. शहरातून आत पाणी, सामान, माणसं न्यायची. राहायला खोली, जेवण तिथलंच. मुलीला मात्र ठेवता येणार नाही. मी हो म्हटलं. नूरैनची दहावीची परीक्षा झाली होती. अकरावीला तिने चिपळूणला, तिच्या अफशा खालाकडे जायचं, असं मी ठरवलं आणि जेवताना तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि ताट उचलून गेली. आई गेल्यापासून ती एवढंच बोलायची. बरं. हो. नको.

कॅम्पवाल्या अर्बाबची एकच अट होती. त्याने गाडीचा फोटो मागवला आणि फोन केला. "या बारीक चाकांवर येऊ नकोस. पहिल्याच दिवशी पोटापर्यंत रुतशील. रुंद चाकं घाल, मग ये. एक तारखेपर्यंत. नाहीतर माझ्याकडे दुसरा आहे."

म्हणून शनिवारी वादी कबीरच्या सनाइयात, गॅरेज-कारखान्यांच्या वसाहतीत जायला निघालो. तिथे एका रांगेत चाकांची, टायरांची दुकानं आहेत. नूरैन चप्पल घालून दारात उभी होती.

"मी पण येते," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. वाटेत तिने फोनवरून डोकं न काढता विचारलं, "अब्बा, तुम्ही काय बघून घेणार?"

"सहा बोल्टची बघायची. आपली सहा बोल्टची आहे."

"सहा बोल्ट म्हणजे फिट होतं असं नसतं. सेंटरचं होल पण सेम पाहिजे. नाहीतर वेट सगळं बोल्टवर येतं. आणि ऑफसेट. ते चुकलं की टायर... काय म्हणतात... घासतो."

"हे कुठे शिकलीस?"

"बघितलं. रात्री झोप नाही येत तर काय करणार."

तीन महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. रुवीपर्यंत ती मला ऑफसेट समजावत होती. चाक आत किती आणि बाहेर किती बसतं, त्याचा तो आकडा. मला तो माहीत होता. तरी मी विचारत राहिलो.

पहिल्या दुकानात काळ्या रंगाचा सेट होता, टायरसकट. किंमत परवडणारी. दुकानदाराने चाक उचलून बोल्टांवर धरलं, सहाही भोकं जुळली. मी खिशात हात घातला.

"मधलं होल मोठं आहे," नूरैन म्हणाली.

"त्याला रिंग मिळते बेटा, प्लास्टिकची. टाकली की झालं," दुकानदार हिंदीत म्हणाला.

"वाळूत इंजिन गरम, ब्रेक गरम. प्लास्टिक राहील का?" तिने मला मराठीत विचारलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो टायर थोपटत म्हणाला की आजवर कुणाची तक्रार नाही. आम्ही निघालो.

मग एकनाथकडे गेलो. एकनाथ सांगलीचा. चाकाच्या दुकानात फोरमन आहे. माझ्या गाडीचे टायर तोच बदलायचा, आणि बदलताना एक डबा खाऊन घ्यायचा. खुदेजाच्या जनाज्याला आला होता, लांब उभा राहिला होता. आज मला बघून त्याने हात पुसले आणि खुर्च्या दिल्या. चहा मागवला. कशाला आलो ते सांगितलं.

"बिदिया?" तो म्हणाला. "आणि ही?"

"चिपळूणला, मावशीकडे."

"बरं आहे की. आंबे खाशील," तो नूरैनला म्हणाला. ती हसली नाही.

एकनाथने पहिला सेट काढला. भारी दिसत होता, बाहेर वाटीसारखा फुगलेला. चाक बसवलं तर टायर मडगार्डच्या बाहेर चार बोटं आला.

"हे इन्स्पेक्शनला पास नाही होणार," नूरैन म्हणाली. "आणि बेअरिंगवर लोड येतो."

"वाळूत कोण बघतंय इन्स्पेक्शन?" एकनाथ म्हणाला.

"गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुल्किया रिन्यू करायला मस्कतला यावं लागेल ना त्यांना."

"हसनभाई, पोरगी तुमची की पोलिसांची?"

मी हसलो. खरंच हसलो. एकनाथने दुसरा सेट काढला. नूरैनने खाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूचा, ते वजन किती पेलतं तो आकडा वाचला आणि मान हलवली. पाण्याच्या टाकीचं वजन धरलं तर कमी पडेल. मलाही ते पटलं. तिसरा सेट स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावर आत घासला. तिने स्वतः वाकून दाखवलं, कपड्याला ग्रीस लागलं तरी.

"पोरी, उद्या नवरा बघताना पण असंच माप लावणार काय?" एकनाथ म्हणाला.

"त्याला रिटर्न पॉलिसी नसते, अंकल."

एकनाथ एवढा हसला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. मला वाटलं, आजचा दिवस लक्षात राहील. वाळूत एकटा बसलो असताना आठवायला बरा आहे. तिच्यात तिच्या आईसारखं काहीतरी दिसत होतं. खुदेजापण मासळी घेताना कल्ला उचलून बघायची, बोट दाबून बघायची, कोळणीला घाम फोडायची. मी तसं म्हणालो नाही. तिच्यासमोर मी तिच्या आईचं नाव घेत नव्हतो आणि ती माझ्यासमोर.

असरची अजान झाली. मी पलीकडच्या मशिदीत जाऊन आलो. तोवर एकनाथने दुसऱ्या दुकानातून एक सेट मागवला होता. वापरलेला, पण जेमतेम. साधा करडा रंग, काही नखरा नाही. कुणा मलबाऱ्याने घेतला आणि गावाला जाताना विकून गेला.

"हा बघा. हा तुमच्याच गाडीसाठी झालेला आहे," एकनाथ म्हणाला. "वजन पेलतो, बाहेर येत नाही. मधलं भोक तेवढं मोजून घ्या, म्हणजे मॅडमचं समाधान."

त्याने मापाची पट्टी नूरैनच्या हातात दिली. ती आकड्यांची असते, तोंड उघडून भोकात धरलं की छोट्या पडद्यावर माप दिसतं. तिने ती भोकात धरली. बराच वेळ धरली. मग मिटली.

"एकशे दहा मिलिमीटर," ती म्हणाली. "मोठं आहे."

"एकशे दहा?" एकनाथ म्हणाला. "शक्य नाही."

"एकशे दहाच आहे."

मी तिच्या हातातून पट्टी घेतली. माझ्या मनात काही नव्हतं. मापात चूक होते, एवढंच. मी धरली. एकशे सहा. पुन्हा धरली. एकशे सहा. आमच्या गाडीचं तेच आहे, हे सकाळी तिनेच मला सांगितलं होतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. कान लाल झाले होते. लहानपणी बरणीतली साखर खाल्ली की व्हायचे तसे.

एकनाथ चाक घेऊन गेला. जॅकवर चढलेल्या गाडीला त्याने ते लावलं. आत जाताना थोडं अडलं, मग एकदम घट्ट बसलं. नट न लावताही ते तसंच राहिलं. त्याने हात काढून घेतले.

"हलवून बघ," मी नूरैनला म्हणालो.

तिने दोन्ही हातांनी चाक धरून वरखाली हलवलं.

"नाही हलत," ती म्हणाली. "बसतंय, अब्बा."

"मग मोठं आहे असं का म्हणालीस?"

ती ग्रीस लागलेले हात बघत होती. "हे बसलं की मी जाणार. म्हणून."

एकनाथ चहाचे कप उचलून आत गेला. रिकामेच होते, तरी बराच वेळ आला नाही.

"तुम्हाला घरात राहवत नाही," ती हळूहळू म्हणाली. मराठी शब्द शोधत बोलत होती, पण इंग्रजीकडे वळली नाही. "तुम्ही खाली गाडीत बसता. मी खिडकीतून बघते. मलापण राहवत नाही. किचनमध्ये मी पाणी प्यायला पण जात नाही, बाथरूमच्या नळाचं पिते. पण तुम्ही एकीकडे जा आणि मी एकीकडे जाते, असं मी नाही म्हटलं."

सांगायला गोष्टी होत्या. अफशाचं घर मोठं आहे, कॉलेज चांगलं आहे, मी दर महिन्याला पैसे पाठवीन. यातली एकही तोंडातून बाहेर पडली नाही. बाथरूमच्या नळाचं पाणी टाकीचं असतं, खारट. खुदेजा त्यात भांडीसुद्धा शेवटची विसळायची नाही. आणि माझी मुलगी ते तीन महिने पीत होती, आणि मी खाली गाडीत बसलेलो.

एकनाथ बाहेर आला तेव्हा मी म्हणालो, "उतरव."

"काय?"

"चाक उतरव. जुनंच लाव."

"अहो, पण बसतंय की हे."

"बसतंय, माहीत आहे."

त्याने नूरैनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वाकून चाक ओढलं. घट्ट बसलेलं, निघायला त्याला रबरी हातोडीने मारावं लागलं. मग जुनं चाक लावून त्याने नट आवळले. मी मेहनतीचे पैसे पुढे केले तर त्याने माझा हात ढकलला आणि म्हणाला, "जा आता. ट्रॅफिक लागेल."

गाडीत बसून आधी बिदियाला फोन केला. अर्बाबने विचारलं, चाकं मिळाली का. मी म्हटलं, मिळाली, पण मी येत नाही. तो "खलास" म्हणाला आणि फोन ठेवला.

मग तानाजीला लावला.

"हसनभाई, आता फोन करताय होय?" तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात, ती जागा भरली की हो. एकजण आलाय, त्याची गाडी लावली कालपासून."

"दुसरं काही?"

"आत्ता तरी नाही. बघतो."

"कुठलाही भाग चालेल. हमरियापण चालेल."

"बघतो म्हटलं ना. इन्शाल्ला होईल काहीतरी. पण आशेवर बसू नका, आणखी कुठे मिळालं तर घ्या."

फोन स्पीकरवर होता. नूरैनने सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. तिने खिडकीकडे तोंड वळवलं आणि रडायला लागली. खुदेजाला न्यायला माणसं घरी आली तेव्हा ती रडली नव्हती. नंतरही माझ्यासमोर कधी रडली नाही. आता मोठ्याने, तोंड न झाकता रडत होती. मी गाडी बाजूला घेतली नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हाताला दुकानातलं ग्रीस लागलं होतं. एक हात स्टीअरिंगवर, एक गिअरवर ठेवून चालवत राहिलो.

घुब्रा गेलं. विमानतळ गेला. सीबला दिवे लागले होते. तिचं रडणं कमी होत गेलं, मग नुसते हुंदके येत राहिले. एक तारखेपासून काय करायचं ते मला माहीत नव्हतं. भाडं होतं, अकरावीची फी होती, पिकअपवाल्या अर्बाबला त्याचे पैसे द्यायचे होते. मी हिशोब करायला लागलो आणि सोडून दिला.

"भूक लागली?" मी विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"उद्या मी भात लावतो. तू सांग किती पाणी घालायचं ते."

"मला पण नाही माहीत," ती म्हणाली. "अम्मी मोजायची नाही. बोटाने बघायची."

तिने अम्मी म्हटलं.

माबेलाचा, घराकडचा एक्झिट आला. मी इंडिकेटर दिला.

"थोडं अजून चालवा," नूरैन म्हणाली.

मी इंडिकेटर बंद केला आणि बरकाच्या दिशेने सरळ गेलो.