दिवा कोणत्या रंगाचा आहे?

“आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,” फोनमधलं यंत्र अकराव्यांदा म्हणालं.

“मोलाचा आहे तर उचला की,” शिंपी पुटपुटला.

सकाळपासूनचा हा तिसरा फोन. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. गिऱ्हाईक वकीलबाई पाचला येणार होत्या. त्यांचा गडद लाल कोट मशीनवर बाह्या पसरून पडला होता आणि उद्या सकाळी तो घालून त्यांना एका लग्नाला जायचं होतं. अस्तर बेतून झालं होतं. अडलं होतं ते दोऱ्यापाशी.

लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग शिंप्याला लहानपणापासून एकसारखेच मातकट दिसत. हे एकट्या बायकोला ठाऊक होतं. रंग न कळणारा शिंपी म्हणजे चव न कळणारा आचारी; असल्याच्या दुकानाची पायरी कोण चढेल? चाळीस वर्षं बायकोने दोरे निवडले आणि त्याने शिवण घातली. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा वरच्या खणात लाल रिळं, खालच्या खणात हिरवी, अशी लावून गेली होती. अडलंच तर टॅबलेटवर रीळ धरून दाखवायचं, ती सांगायची. काल दोन्ही खण ओढताना निसटले. रिळांची मिसळ जमिनीवर पडली, कपाट हादरलं आणि त्याच सायंकाळी कपाटावरची इंटरनेटची डबी रुसली. त्याच्या बटणांच्या फोनवर आवाज ऐकू येई, पण दोरा दाखवायची सोय नव्हती.

“नमस्कार सर, बोला,” अखेर एका तरुण मुलीचा आवाज आला.

त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं.

“सर, तुमच्या दोन्ही तक्रारी बंद झाल्यात. दिवा हिरवा आहे असं तुम्हीच सांगितलंय.”

“हो, सांगितलंय खरं.”

“हिरवा असेल तर इंटरनेट चालूच असणार.”

“बाई, चालू असतं तर मी तुमचं ते संगीत तासभर ऐकलं असतं का?”

मुलगी हसली. मग पुन्हा तेच: “एकदा नीट बघा. दिवा कोणत्या रंगाचा आहे?”

शिंपी डबीपुढे वाकला. सिग्नलला तो दिव्याची जागा बघून रस्ता ओलांडत असे. वरचा म्हणजे थांबा, खालचा म्हणजे चला. इथे एकाच भोकातून दोन्ही रंग डोकावत. आधीच्या दोघांनी विचारलं तेव्हा, समोरच्याला आवडेल ते बोलायच्या जुन्या सवयीने तो ‘हिरवा’ म्हणून मोकळा झाला होता. आताही तोच शब्द जिभेवर आला. त्याने कोटाकडे पाहिलं.

“मला नाही कळत,” तो म्हणाला.

“म्हणजे दिवा दिसत नाहीये?”

“दिवा दिसतोय. लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. जन्मापासून.” मग हळू आवाजात तो म्हणाला, “मी शिंपी आहे. कुणाला सांगू नकोस, पोरी.”

आता ही हसणार, असं त्याला वाटलं.

“काका, मग रंग सोडा,” ती म्हणाली. “दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?”

“लुकलुकतोय.”

“मग तो लालच. हिरवा लुकलुकत नाही. डबीच्या मागे हात घाला. सगळ्यांत बारीक वायर लागतेय?”

“लागली. सैल आहे.”

“टक् आवाज येईपर्यंत आत ढकला.”

बोटांचं काम निघाल्यावर शिंप्याला सांगावं लागत नाही. टक् झालं. लुकलुक थांबली.

“हे पहिल्या दोघांनी का नाही विचारलं गं?”

“आमच्या कागदावर रंगाचाच प्रश्न आहे, काका.”

साडेचारला टॅबलेटवर बायको उमटली, मांडीवर नातीला घेऊन. त्याने दोन्ही हातांत रिळं धरली.

“डावं घ्या. अहो, तुमचं डावं! माझं कशाला घेता?”

“तुझ्या डाव्याउजव्यापेक्षा तो दिवा बरा,” तो दोरा ओवत म्हणाला. एक बाही शिवून झाल्यावर त्याने विषय काढला. “आज एकीला सांगून टाकलं.”

“काय?”

“रंगांचं. इंटरनेटवालीला.”

“अगंबाई! हसली का?”

“नाही. वायर ढकलायला लावली.”

बायको काही बोलणार तोच दार वाजलं. वकीलबाई पंधरा मिनिटं आधीच हजर. शिंप्याचा हात टॅबलेट पालथा घालायला पुढे गेला आणि तसाच थांबला.

“बसा, एक बाही राहिलीय,” तो म्हणाला. “मला रंग कळत नाहीत. दोरा हिने निवडलाय.”

वकीलबाईंनी कोटाची शिवलेली बाही उजेडात धरली, दोरा निरखला, मग स्टूल ओढून टॅबलेटसमोर बसल्या.

“नजर चांगली आहे हो तुमची, वहिनी,” त्या म्हणाल्या. “आता जरा बाळ दाखवा. आणि झबलं कुठल्या रंगाचं आहे ते यांना सांगा.”