वीस वाक्यं रशियन

भाविकला डॉक्टर व्हायला रशियाला पाठवायचं ठरलं, तेव्हा मी आतून जळले. उगाच गोड कशाला बोलू? तो माझा सख्खा धाकटा भाऊ, बारावीला जेमतेम पन्नास टक्के. मला दोन वर्षांपूर्वी ब्याऐंशी पडले होते आणि मी वळ गावातल्या गोदामात गेटपास लिहीत होते. आमचं शेत गोदामवाल्यांना विकलं तेव्हा कागदावर माझीही सही घेतली होती. मला साडी मिळाली, त्याला रशिया.

वर बाबांनी एजंटने दिलेलं पुस्तक माझ्यापुढेच टाकलं. "विनिता, तुझं डोकं चालतंय. याच्याकडून घोकून घे. वीस वाक्यं तरी आली पायजेत."

मी वाक्यं देवनागरीत वहीत उतरवली, आकडे घातले. एक, नमस्कार. दोन, मी विद्यार्थी आहे. सात, माझी बॅग कुठे आहे? रोज ड्युटीवरून आले की ओट्यावर आमची शाळा. भाविक पाय हलवत पाढे म्हणावेत तसा म्हणायचा. चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं, मधलंच एखादं विचारलं की गडी ठप्प. पहिल्यापासून सुरुवात केली तरच गाडी पुढे जायची. हे त्याला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. जाऊ दे तिकडे, कळेल, म्हटलं. स्वतः मात्र ट्रकची वाट बघताना मी सगळी उलटसुलट घोटली. दुसरं वाक्य जरा जास्तच.

निघायच्या आदल्या दिवशी गावदेवीला नारळ फोडला आणि सगळी आळी घरी जमली. भाविकने खुर्चीवर बसून वीसच्या वीस धाडधाड म्हणून दाखवली. टाळ्या! गुणाबाई आत्याने त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. "बापाचं नाव काढलंस रं!" मी आत वडे तळत होते. शिकवलं कोणी, हे कोणी विचारलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॉस्कोच्या विमानतळावरून फोन आला. भाविक रडवेला झाला होता.

"ताई, माझी बॅग आली न्हाय. एजंटचा माणूस पन दिसत न्हाय. काउंटरवरची बाई मना नुसती हसते."

"तू काय बोललास तिला?"

"पयल्यापासून सगळी वाक्यं."

क्षणभर मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटते. फोन ठेवून द्यावा असंही मनात आलं. बाबा समोर उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तिला फोन दे," मी म्हटलं.

पलीकडे बाईचा आवाज आला. मी सातवं वाक्य म्हटलं, "ग्द्ये मोय चिमादान?" ती भराभर बरंच काही बोलली, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. शेवटी तिने सावकाश विचारलं, "क्तो वी?" तुम्ही कोण? हे मात्र वहीत होतं. बहीण हा शब्दही होता. मी उत्तर दिलं.

मग भाविक परत फोनवर आला. "ताई, ती मना बॅगा ठेवतात तिकडं नेते," म्हणाला आणि फोन कट झाला.

"काय विचारत व्हती बाई?" बाबा म्हणाले.

"कोण बोलतंय म्हणून."

"मग, भाविकची बहीण म्हणून सांगितलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

मी तिला दुसरं वाक्य सांगितलं होतं. मी विद्यार्थिनी आहे.