तिरकी पट्टी

डब्याचं झाकण टक्कन लागलं आणि सकाळपासून घरात दाटून बसलेली शांतता जराशी हलली. नवऱ्याने डबा ओट्याच्या कडेला ठेवला. तिरका. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो घाईने सरळ केला. तेही चुकलंच असं वाटून हात मागे घेतला. तिने सगळं पाहिलं.

वस्तू तिरकी ठेवायची पद्धत या घरात तिनेच आणली होती. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून ती विमानांना वाट दाखवायची. कोण वर, कोण खाली, कोण आधी, कोण नंतर. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, ती समोरच्या फळीवर लावलेली. ज्याच्याकडून अजून काही ऐकायचं बाकी आहे, त्याची पट्टी तिरकी करून ठेवायची आणि ते ऐकलं की सरळ करायची. शंभर कामांच्या गडबडीतही ती तिरकी पट्टी डोळ्यांत खुपत राहते.

ही सवय कधी घरी आली, तिलाही कळलं नाही. औषधाची बाटली तिरकी, म्हणजे लेकीला डोस द्यायचाय. चप्पल तिरकी, म्हणजे चांभाराकडे न्यायचीय. नवरा म्हणायचा, या घरात सरळ असा मी एकटाच उरलोय. त्यावर सासूबाई म्हणायच्या, तू जन्मापासूनच तिरका, तुला मुद्दाम ठेवायला कशाला हवं? आणि ठमी, पाच वर्षांची लेक, काही न कळताही सगळ्यांत मोठ्याने हसायची.

हे सगळं मास्तर होते तेव्हाचं.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, चार मित्रांत मिळून घेतलेलं जुनं दोन आसनी विमान दर रविवारी उडवणारे आजोबा. गावाबाहेरच्या मैदानावरून उडायचे, धरणापर्यंत जायचे, परतताना हिच्या गच्चीवरून पंख हलवून जायचे. ठमीला एकदा त्यांनी आपल्या जागेवर बसवलं होतं आणि लाकडाचं एक छोटं विमान स्वतः तासून दिलं होतं. तेव्हापासून रविवारी पोरगी गच्चीतून हलायची नाही. टॉवरमध्येही मास्तर सगळ्यांचे लाडके. रेडिओवर नियमापुरतं बोलून थांबतील तर ते मास्तर कसले!

त्या रविवारी खाली धुरकट होतं. मास्तरांनी वर चढायची परवानगी मागितली. ते नेहमी मोठ्या विमानांच्या वाटेच्या पुष्कळ खालून जायचे; आज त्या वाटेतच येणार होते. तिने आकाश पाहिलं, मोकळं होतं.

"जा वर, मास्तर. पण धरणावर आलात की खाली उतरा आणि मला सांगा."

"सांगतो ना. न सांगता कुठे जातोय?"

तिने त्यांची पट्टी तिरकी केली. मास्तरांचा निरोप येईपर्यंत कुठल्याही मोठ्या विमानाला खाली आणायचं नव्हतं. मास्तरांच्या विमानातून उंची कळायची नाही. रडारवर नुसता एक ठिपका. तो ठिपका वर आहे की खाली, हे सांगणारी तेवढी एक पट्टीच होती.

थोड्याच वेळात तिची पाळी संपली. खुर्चीवर बसायला धाकटा सहकारी आला. दर रविवारी याच सुमाराला मास्तरांचा धरणावर पोचल्याचा निरोप यायचा, ती पट्टी सरळ करायची आणि उठायची. महिनोन्‌महिने हेच. त्या दिवशी निरोप आलाच नव्हता. तरी धाकट्याला बाकीची विमानं समजावून सांगता सांगता तिचा हात आपला आपण पुढे झाला आणि पट्टी सरळ करून मागे आला. तिला कळलंसुद्धा नाही. "मास्तर नेहमीसारखेच," असं म्हणून तिने पर्स उचलली.

धाकट्याने सरळ पट्टी पाहिली आणि उतरायला आलेल्या एका मोठ्या विमानाला खाली बोलावलं. ती तेव्हा जिना उतरत होती, ठमीसाठी खाऊ काय न्यावा याचा विचार करत.

मोठ्या विमानाच्या वैमानिकाला खाली येता येता एकदम समोर मास्तर दिसले. त्याने विमान वर खेचलं. आतल्या प्रवाशांना हिसका बसला, कुणाचा चहा सांडला, आणि सगळे सुखरूप उतरले. मास्तर मात्र त्याच्यामागे उठलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडले. एवढंसं विमान ते. धरणाअलीकडच्या शेतात पडलं.

चौकशीत तिने पट्टीचं स्वतःच सांगितलं. काही लपवलं नाही. तिला वाटलं होतं, आता नोकरी जाईल, लोक तोंडावर थुंकतील, निदान कुणीतरी ओरडेल. समितीने पाणी पुढे केलं. यंत्रणा जुनी, माणसं कमी, छोट्या विमानात उंची सांगणारं यंत्र नाही. एकट्या कुणाचा दोष नाही, असं ठरलं. काही दिवस पुन्हा शिकवणी झाली आणि आजपासून कामावर हजर व्हा म्हणून फोन आला. धाकटा नोकरी सोडून गेला होता. तो तिचा फोन उचलत नव्हता.

ती मास्तरांच्या बायकोला भेटायला गेली होती. त्या बाईंनी दार उघडलं, हिला आत बसवलं आणि सांगितलं की ते घरी तुमचं फार कौतुक करायचे. ती तिथून कशी बाहेर पडली, तिला आठवत नाही.

"जमणार नसेल तर नको जाऊस," नवरा आता हलकेच म्हणाला.

ती म्हणाली, "न गेल्याने काय होणारे?"

जाऊन तरी काय होणार होतं, हेही तिला दिसत होतं. पुन्हा फळी, पुन्हा पट्ट्या, आणि आपल्या मनाने पुढे होणारा हाच हात. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

खाली ऑफिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिने डबा पिशवीत टाकला आणि ठमीचा पापा घ्यायला गच्चीत गेली. मास्तर आता येणार नाहीत, हे पोरीला अजून कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं होतं.

ठमी कठड्याला टेकून वर बघत होती. कठड्यावर ते लाकडी विमान होतं, नाक एका बाजूला वळवून नीट तिरकं ठेवलेलं.

"पडेल गं ते," ती कशीबशी म्हणाली आणि तिचा हात पुढे झाला.

ठमीने तो घट्ट धरला. "हात नको लावूस. मास्तर आजोबा अजून आले नाहीत ना, म्हणून ठेवलंय."

हॉर्न पुन्हा वाजला.

"आई, मग हे सरळ कधी करायचं?"