चार नंबरची नजर

आकडा साडेतीनवरून पाचावर गेला तेव्हा दूधवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. सहावर गेला तेव्हा शिंपीणबाईंनी हात जोडले. सातावर जाऊन तो थांबला, तेव्हा आमच्या चार्जिंग शेडमध्ये जमलेल्या साठ-सत्तर माणसांनी रोखून धरलेला श्वास एकदम सोडला.

ऊर्जागुरूंनी डोळे उघडले. "पाहिलंत? वलय मोकळं झालं."

दूधवाल्याची गाडी तीन नंबरच्या सॉकेटला लागलेली होती. तिच्या केबलला गुरूंनी तांब्याचं कडं अडकवलं, हवेत बोटं फिरवली आणि माझ्या धाकट्या जावेला फर्मावलं, "ताई, तुमच्या गाडीची केबल तुमच्याच हाताने काढा. ज्या हाताने शोषण झालं, त्याच हाताने ते सुटलं पाहिजे." तिने शेजारच्या चार नंबरमधून आपली केबल काढली. इकडे गुरू पुटपुटू लागले आणि खांबावरच्या पडद्यावर आकडा चढू लागला.

सगळ्यांनी कडं पाहिलं. केबलकडे एकाच बाईचं लक्ष होतं, आणि ती गप्प बसली. ती बाई मी.

हे शेड आमच्या वस्तीला सार्वजनिक निधीतून मिळालं. दोन खांब, प्रत्येकाला दोन सॉकेट, एका वेळी चार गाड्या. शिवाय वस्तीच्या सेवेसाठी विजेवर चालणारी एक छोटी गाडी. ती घरच्या कामाला वापरायची नाही, लोकांसाठी फिरवायची, एवढीच अट. अर्ज दोनच आले. एक माझा: वाचनालयाची पुस्तकं घरोघरी पोचवण्यासाठी. दुसरा धाकटीचा. ती परिचारिका, घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासते. यादीत ती पहिली आली, मी दुसरी. मला वस्तीच्या समितीने शेडची पाळी-वही, म्हणजे कोणाची गाडी कधी कुठल्या सॉकेटला लागली त्याची नोंद, सांभाळायला दिली. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तशी.

गाडी पांढरी होती, तिच्या दारावर हिरवा पट्टा. धाकटी ती पुसायची तेव्हा मी खिडकीतून मोजायचे, किती वेळा पुसते. त्यात समितीने चार नंबरचं सॉकेट तिच्यासाठी राखून ठेवलं. दुसऱ्या कोणी तिथे केबल लावायची नाही. उद्घाटनाचा फोटो आला त्यात ती मधोमध, हातात किल्ली. मी कडेला, अर्धी. एक डोळा आणि एक कान. तो फोटो शेडमध्ये लावायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. खांब बसवणाऱ्यांनी भिंतीवर सूचनांचा एक कागद खिळ्याला लटकवला होता. खिळा आयताच मिळाला, म्हणून मी फोटो त्याच्यावरच टांगला.

एक आणि दोन नंबरला दिवसभर गाड्या असायच्याच आणि तिथला आकडा कायम साडेतीन. म्हणजे तासाला साडेतीन युनिट वीज गाडीत जाते. तीन नंबरला मात्र सात. त्यामुळे तीन नंबर म्हणजे लक्ष्मीचं सॉकेट अशी त्याची ख्याती झाली आणि त्याच्या पाळीवरून भांडणं सुरू झाली. धाकटी फेरीवरून परतली, तिने चारला केबल लावली, की तीनचा आकडा निम्म्यावर.

"आली जळू," बेकरीवाला म्हणायचा.

"गाडी आयती, जागा राखीव, आणि वर आपली वीज ओढते," शिंपीणबाई म्हणायच्या. "डोळे पाहिलेत तिचे? गाडीकडे कशी बघते."

"असं बोलू नये हो," मी म्हणायचे. त्यांचं बोलणं थांबणार नाही इतक्या हळू म्हणायचे.

महिन्याभरात 'जळू'ची 'वाईट नजर' झाली. दूधवाल्याची गाडी चढणीवर बंद पडली, तर आदल्या दिवशी धाकटी शेजारी उभी होती. बेकरीवाल्याचं चाक पंक्चर झालं, तरी तीच. अखेर समितीचे अध्यक्ष कुठल्याशा गावाहून या ऊर्जागुरूंना घेऊन आले. गुरू स्वतःच्या विजेच्या गाडीतून आले. अंगात कोट, गळ्यात तांब्याची तार, बोलणं अर्धं पोथीतलं नि अर्धं जाहिरातीतलं.

"बॅटरी म्हणजे काय?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"वीज साठवायचा डबा," दूधवाला म्हणाला.

"चूक. बॅटरी म्हणजे मन. मनाला नजर लागते, मग बॅटरीला का लागणार नाही? या ताई रोज कोवळ्या जिवांजवळ जातात. तिथल्या ऋण लहरी यांच्या डोळ्यांत साठतात. त्या डोळ्यांनी गाडीकडे पाहिलं, की शेजारच्या गाडीचा प्राण यांच्या गाडीत जातो. क्वांटम आहे हे."

क्वांटम म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, सगळे माना डोलवत होते.

आणि मग कडं, केबल, सातचा आकडा. टोपी निघाली, हात जुळले.

"आता उपाय," गुरू म्हणाले. "चार नंबर एकवीस दिवस रिकामा ठेवा. तिथे कोणीच केबल लावायची नाही. आणि ही गाडी दुसऱ्या हातात द्या."

"मतं आत्ताच घेऊन टाकू," अध्यक्ष म्हणाले.

धाकटी खांद्याला पिशवी लावून उभी होती. पिशवीतून बाळांना तोलायच्या वजनकाट्याचा झोळणा बाहेर डोकावत होता. "मतं संध्याकाळी घ्या," ती म्हणाली. "कालव्यापलीकडे सात आठवडे आधी जन्मलेलं बाळ आहे. रोज वजन घ्यावं लागतं. दोन दिवसांत ते घटलंय. चालत गेले तर दिवसातून चार घरं होतात माझी, गाडीने अकरा."

"आम्ही काय बाळाच्या वाईटावर आहोत?" शिंपीणबाई म्हणाल्या. "तुझ्या नजरेचं चाललंय."

"तुमच्या नातवाला झटका आला होता, तेव्हा मी याच गाडीतून आले होते ना?"

"आलीस. म्हणून काय जन्मभर ऐकवणार?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. त्या वहीत काय आहे ते मला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी धाकटी प्रशिक्षणाला गेली होती, आणि पाणी खात्याच्या माणसाने अध्यक्षांना विचारून आपली गाडी तासभर चार नंबरला लावली होती. मी पाळीवही लिहिते ती नीट लिहिते, एवढा एक गुण मला आहे. तेव्हा लिहिलं होतं: चार नंबर, पाणी खातं. तीन नंबर, साडेतीन.

म्हणजे धाकटी वस्तीत नव्हती आणि आकडा तरीही पडला होता. लिहितानाच मला ते दिसलं. मी वही मिटली, कारण यादीत दुसरं नाव कोणाचं होतं?

"पुढचं नाव कोणाचं आहे?" गुरूंनीही तेच विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. गुरू दोन पावलं पुढे आले, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "अहाहा. या माउलीची नजर बघा. निर्मळ. यांच्या मनात कोणाविषयी मत्सर नाही. गाडी यांच्याच हाती शोभेल."

तिथे त्यांचं चुकलं.

आठ महिने मी त्या पांढऱ्या गाडीकडे ज्या नजरेने पाहत होते, तशी नजर आमच्या वस्तीत दुसरी नाही. नजरेने बॅटरी उतरत असती, तर ती गाडी पहिल्याच आठवड्यात भंगारात गेली असती. आणि हा माणूस माझ्या डोळ्यांत दीड फुटावरून बघून म्हणतो, निर्मळ. याला ढिम्म काही दिसत नाही हे मला तत्क्षणी कळलं. जे दिसत होतं ते माझ्या वहीत होतं.

गाडी हवी होती का मला? हवी होती. आजही हवी आहे. पण अशा माणसाच्या हातून गाडी घेऊन मी घरोघर पुस्तकं कोणत्या तोंडाने वाटणार?

"एक नोंद वाचायची आहे," मी म्हणाले आणि वाचली.

मग गर्दीच्या मागून शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्या कुठेही गेल्या की लोक सरळ उभे राहतात. "पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे पाणी खात्याच्या माणसाचीही नजर वाईट," बाई म्हणाल्या. "असो. महाराज, तुमची नजर तर शुद्ध?"

"अर्थात."

"तुमच्या गाडीला चार्जिंग हवंय का?"

"गरज नाही. पूर्ण भरलेली आहे."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि गुरूंच्या गाडीच्या काचेला नाक लावलं. "आतला आकडा एकतीस टक्के म्हणतोय. लावा चार नंबरला. तुमच्याच हाताने लावा, कडंही अडकवा. दोन घाला हवी तर."

"एकवीस दिवस तिथे कोणी—"

"ते आमच्यासारख्या अशुद्धांसाठी असेल. तुम्हाला कसली भीती?"

गुरूंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "लावा की महाराज, होऊन जाऊ दे यांची खात्री." बिचाऱ्यांची श्रद्धा खरी होती. तीच आडवी आली.

गुरूंनी केबल लावली. बाईंनी कडं अडकवलं, वर आणखी एक. साठ-सत्तर माणसं पुन्हा त्याच पडद्याकडे बघू लागली. सात. सात. सहा. पाच. साडेतीन.

"अरे, माझी वीज," दूधवाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच धाकटीकडे न बघता म्हणाला.

"काढा आता," बाई म्हणाल्या. गुरूंनी केबल काढली. आकडा सातावर. "लावा." साडेतीन. चौथ्या वेळी मागून कोणीतरी हसलं. मग हसू पसरत गेलं. गुरूंना वजनकाट्यात घातलं असतं, तर त्यांचंही वजन घटलेलं निघालं असतं.

"एका खांबाला वीज येते सात युनिट," बाईंनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. "एक गाडी असेल तर तिला सात. दोन असतील तर खांब निम्मी-निम्मी वाटतो. एक आणि दोनला कायम दोन गाड्या, म्हणून तिथे कोणी सात बघितलेच नाहीत. चारला आपण एरवी हिच्याशिवाय कोणाला लावू दिलं नाही, म्हणून वाटलं की आकडा हिच्यामुळे पडतो. नियम आपणच केला आणि दोष मात्र हिच्या डोळ्यांना दिला. पण खांब बसवणारे हे सांगून गेले नाहीत का? काही लेखी दिलं असेल ना?"

मी भिंतीवरून फोटो उतरवला. खालच्या कागदावर तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरांत होतं: दोन्ही सॉकेट वापरात असताना वीज विभागली जाईल. आठ महिने त्या ओळीवर आम्ही सगळे किल्ली धरून हसत उभे होतो.

गुरू एव्हाना गाडीत बसले होते. पुढे कळलं, की ते पूर्वी दुसऱ्या गावात असलेच खांब बसवणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होते. दिव्यदृष्टी म्हणजे तेवढीच. मतं कोणी घेतली नाहीत. शिंपीणबाई धाकटीजवळ गेल्या, काहीतरी बोलायचं म्हणून तिच्या पिशवीचा बंद सरळ केला आणि परत आल्या.

धाकटी वहीशी आली. तारीख बघितली.

"जाऊबाई, ही नोंद तीन आठवड्यांपूर्वीची आहे."

"हो."

"मला लोक जळू म्हणत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

तिने पिशवी गाडीत ठेवली, दार उघडलं, क्षणभर थांबली. "बसा. झोळणा धरायला माणूस लागतो. बोलणार नाहीये मी तुमच्याशी, पण बसा."

बाळाचं वजन त्या दिवशी वीस ग्रॅमनी वाढलेलं निघालं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि माझ्या नजरेने त्यात काही घट झाली नाही.

पाळीवहीत आता एक रकाना वाढवला आहे: शेजारच्या सॉकेटला कोण होतं. वाचकहो, तुमच्या वस्तीतही कधी कोणी येईल आणि सांगेल, की अमक्या बाईच्या नजरेने दूध नासतं, यंत्र अडतं, बॅटरी उतरते. त्याच्याशी वाद घालू नका. एवढंच विचारा, की तिच्या जागी दुसरं कोणी उभं करून पाहिलं का? पाहिलं नसेल, तर तुम्ही स्वतः उभे राहा आणि आकडा बघा. आणि तुमचा जीव तिच्यावर जळत असेल, तर आधी तुम्हीच उभे राहा.